जाळी राखणे आणि जळमटे काढणे : घरातील कोळी व उपद्रवी किडे यांच्या प्रकल्प नोंदी

४ मे २०२५

नोंदवहीचा हेतू आधी लिहून ठेवणे बरे. कोळी दिसला की झाडू आणि झुरळ दिसले की फवारा, अशी घराघरांतली सर्वसाधारण रीत आहे. तीत उपद्रवी कोण आणि निरुपद्रवी कोण हा प्रश्नच विचारला जात नाही. पुढील काही महिने आपल्या घरात हा क्रम उलटा ठेवायचा आहे. आधी पाहायचे, ओळखायचे, कोठून येते ते शोधायचे आणि औषधाचा विचार सर्वांत शेवटी करायचा. माझे गृहीतक असे आहे की जेथे भक्ष्य मिळते तेथेच कोळ्याचे जाळे टिकते. भक्ष्य मिळेनासे झाले की कोळी जागा बदलतो. हे खरे असेल, तर जाळी कोठे कोठे आहेत याच्या नकाशावरून घरातल्या फटी, ओल आणि सांडलवंड यांचाही माग काढता येईल.

पद्धत साधी आहे. ज्या जाळ्यात कोळी राहतो आहे, त्याच्याखाली पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवायचा आणि दर रविवारी त्यावर पडलेला कचरा भिंगाखाली पाहून नोंदवायचा. स्वयंपाकाचा ओटा, पलंगांवरचे छत आणि विजेची पेटी या तीन ठिकाणी मात्र कोणतेही जाळे ठेवायचे नाही. आईने रास्त शंका काढली, “अरे, छताला जळमटे लोंबताना दिसली तर घर कसे दिसेल?” त्यावर तोडगा निघाला तो असा : कोळी राहत असलेले जाळे ठेवायचे, रिकामे, धुळीने भरलेले जळमट दिसेल त्याच दिवशी काढायचे.

११ मे २०२५

पहिली पाहणी पूर्ण झाली. छताचे कोपरे, जिन्याखालची जागा आणि न्हाणीघर येथील जवळपास सर्व जाळी केसासारख्या लांब पायांच्या कोळ्यांची आहेत. हे फोल्सिडी कुळातले कोळी. फोल्कस फॅलँजिऑइडिस आणि क्रॉसोप्रायझा लायोनी या त्या कुळातल्या, घरांत राहण्यास सरावलेल्या दोन परिचित जाती. दुसऱ्या जातीच्या पोटाच्या मागच्या टोकाला शंकूसारखा उंचवटा असतो आणि भिंगातून तो स्पष्ट दिसतो. यांचे जाळे बघायला अस्ताव्यस्त असते, कारण त्याचे काम कीटकाला चिकटवून ठेवण्यापेक्षा त्याचे पाय अडकवण्याचे अधिक असते. जाळ्याला गवताच्या काडीने हलका धक्का दिल्यावर कोळ्याने अंग इतक्या वेगाने गरगर फिरवले की क्षणभर त्याची आकृतीच पुसट झाली. शत्रूला नेम धरता येऊ नये म्हणून हे कोळी असे करतात.

या लांब पायांच्या कोळ्याचे विष सर्वांत जहाल असते, पण दात तोकडे असल्यामुळे तो चावू शकत नाही, असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. त्यात तथ्य नाही. त्याच्या विषाचा माणसावर उल्लेखनीय परिणाम होत नाही, एवढेच खरे आहे.

खिडक्यांच्या चौकटींवर उड्या मारून शिकार करणारे छोटे कोळी आहेत. ते जाळे विणत नाहीत. फक्त विश्रांतीसाठी आणि अंड्यांसाठी रेशमाची छोटी पिशवी करतात. दिवाणखान्याच्या भिंतीवर, फिक्या रंगाच्या जागी, नखाएवढ्या सपाट चांदणीसारखी जाळी आढळली. ती ओइकोबियस वंशातल्या अगदी लहान कोळ्यांची आहेत. हे कोळी मुख्यतः मुंग्या पकडतात आणि सावजाभोवती वेगाने गोल फिरत त्याला धाग्यांनी गुंडाळतात.

जगात कोळ्यांच्या ५०,००० हून अधिक जातींचे वर्णन झाले आहे. त्यांपैकी घरात कायम राहू शकणाऱ्या जाती फार थोड्या. ‘कोळी उचलून बाहेर सोडला म्हणजे तो आपल्या मूळ जागी गेला’ ही समजूत या थोड्या जातींना लागू पडत नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या आडोशाने राहिलेल्या कोळ्याला बाहेर तेवढाच निवारा मिळेल याची खात्री नसते.

१८ मे २०२५

कागद वाचण्याचा सराव होऊ लागला आहे. पुढच्या नोंदी याच ओळखींवर अवलंबून असल्यामुळे त्या तपशिलाने लिहितो.

कोळ्याची विष्ठा पांढरट-करड्या किंवा काळसर ठिपक्यांच्या रूपात पडते आणि वाळल्यावर रंगाच्या शिंतोड्यासारखी चिकटून बसते. तिच्यात ग्वानीन हे द्रव्य असते आणि पांढरेपणा येतो तो त्याचा. पालीची लेंडी काळी, लांबट आणि एका टोकाला पांढरी असते. लहान झुरळांची विष्ठा मिरपुडीसारखी दिसते, तर मोठ्या तांबड्या झुरळाची लेंडी बोथट टोकांची असून तिच्यावर उभ्या रेघा असतात. उंदराच्या लेंडीची टोके निमुळती असतात आणि रेघा नसतात. खिडकीच्या किंवा कपाटाच्या लाकडाखाली सारख्या आकाराच्या, सहा बाजू असलेल्या कणांची ढिगुळी सापडली, तर ती कोरड्या लाकडातल्या वाळवीची खूण असते आणि तेथे कोळ्यांचा विचार बाजूला ठेवून ताबडतोब तज्ज्ञाला बोलवावे लागते. आपल्याकडे असे कण कोठेही मिळाले नाहीत, हे तपासून येथे नोंदवून ठेवतो.

कोळ्याला चावून खाता येत नाही. तो सावजात पाचक रस सोडतो आणि विरघळलेला भाग शोषून घेतो, त्यामुळे खाली पडतात ती रिकामी टरफले. जिन्याखालच्या कागदावर मुंग्यांची डोकी, डासांचे पंख आणि एका झुरळाच्या पिलाची पोकळ पाठ मिळाली. न्हाणीघराच्या कागदावर मात्र एकाच प्रकारचे पंख पडले होते : राखाडी, केसाळ आणि मिटल्यावर बदामाच्या आकाराचे.

२५ मे २०२५

ते पंख मोरीतल्या माश्यांचे आहेत. सायकोडिडी कुळातल्या या माश्या चावत नाहीत, पण त्यांच्या अळ्या नळीच्या आतल्या बाजूला साचलेल्या बुळबुळीत थरात वाढतात; म्हणजे माशी दिसली की नळीत तो थर आहे असे समजावे. नेमकी कोणती मोरी हे ठरवण्यासाठी रात्री प्रत्येक मोरीच्या तोंडावर चिकटपट्टी, चिकट बाजू खाली करून लावली. हवा पूर्ण कोंडू नये म्हणून मध्ये थोडी जागा सोडली. सकाळी वॉश बेसिनच्या पट्टीवर काहीच नव्हते, न्हाणीच्या मोरीच्या पट्टीला माश्या चिकटल्या होत्या. जाळ्याने सांगितलेली जागा आणि चिकटपट्टीने दाखवलेली जागा एकच निघाली, याचे मला मनापासून समाधान वाटले.

उकळते पाणी ओतल्याने हा थर सुटत नाही; पाणी त्यावरून वाहून जाते. मोरीच्या तोंडावरची धातूची जाळी काढून, लांब दांड्याच्या ब्रशाने नळीची आतली बाजू आणि त्या जाळीची खालची बाजू घासली. आधी फुटलेल्या अळ्यांतून माश्या निघतच राहणार असल्याने पुढचे तीन आठवडे दर रविवारी घासकाम करावे लागेल.

१ जून २०२५

मुंग्या. स्वयंपाकघरात भिंत आणि ओटा यांच्या सांध्यातून फिकट पिवळ्या, जेमतेम दोन मिलिमीटर लांबीच्या मुंग्यांची रांग लागली आहे. या फॅरो मुंग्या असाव्यात, असे त्यांचे दिसणे आणि भिंतीच्या आत राहणे यांवरून वाटते. अशा मुंग्यांवर फवारा मारणे घातक ठरते, कारण त्यांच्या वारुळात अनेक राण्या असतात आणि धोका जाणवला की एखादी राणी काही कामकरी मुंग्या व अंडी-अळ्या घेऊन दुसरीकडे नवे बिऱ्हाड थाटते. एकाची अनेक वारुळे होतात आणि आधी एका खोलीत असलेला त्रास सगळ्या घरात पसरतो.

उपाय सावकाश भिनणाऱ्या आमिषाचा. साखरेच्या पाण्यात बोरिक आम्लाचे प्रमाण सुमारे एक टक्का ठेवले. त्याहून तीव्र केले तर कामकरी मुंगी वारुळात पोहोचण्याआधीच मरते आणि राणीपर्यंत काही जात नाही. कापसाचा बोळा त्यात भिजवून बारीक भोके पाडलेल्या झाकणबंद डबीत ठेवला आणि डबी सिंकच्या मागे, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी सरकवली. आमिष लावल्यावर पहिल्या दिवसांत रांग आणखी दाट होते. त्या वेळी हात आवरणे हाच उपायाचा मुख्य भाग आहे.

८ जून २०२५

आज खिडकीशी बराच वेळ बसून उडी मारणाऱ्या कोळ्याचे निरीक्षण केले. चौकटीवर बसलेल्या मोरीच्या माशीकडे तोंड करून तो थबकला. याला आठ डोळे असतात आणि पुढचे दोन सर्वांत मोठे असतात. त्यांची बुबुळे फिरत नाहीत, पण डोळ्यांच्या आतल्या नळ्या हलतात, त्यामुळे तो शरीर स्थिर ठेवूनही नजर फिरवू शकतो. बाजूच्या डोळ्यांना माझे बोट हललेले कळले असावे, कारण तो गर्रकन वळून क्षणभर माझ्याकडे बघत राहिला आणि मग पुन्हा माशीकडे वळला. थोडे सरपटत पुढे गेला, पोटाचे टोक लाकडाला टेकवून धागा चिकटवला आणि मग उडी घेतली. झेप हुकली असती तरी तो त्या धाग्याला लोंबकळला असता. ही उडी स्नायूंच्या जोराइतकीच शरीरातील द्रवाच्या दाबावर चालते. कोळ्याच्या पायाचे काही सांधे आवळायला स्नायू असतात, पण पसरायला नसतात. मेलेल्या कोळ्याचे पाय आत दुमडलेले दिसतात ते हा दाब नाहीसा झाल्यामुळे.

मुंग्यांची रांग विरळ झाली आहे. आमिष ताजे केले.

१५ जून २०२५

झुरळांकडे वळतो. नोंदवहीतला हा सर्वांत कठीण विषय आहे, कारण येथे कोळ्यांची मदत अपुरी पडते हे मान्य करूनच काम करावे लागते.

शीतकपाटाच्या मागे आणि सिंकखाली लावलेल्या चिकट सापळ्यांत लहान, फिकट तपकिरी झुरळे मिळाली. डोक्यामागच्या ढालीवर दोन गडद उभे पट्टे आहेत, म्हणजे ही जर्मन झुरळे. नाव जर्मन असले तरी या जातीचे मूळ आशियात आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने ती सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरात एका आशियाई जातीपासून वेगळी झाल्याचे दाखवले. तिची मादी ३० ते ४० अंड्यांची कुपी पिले बाहेर पडण्याची वेळ येईपर्यंत पोटाच्या टोकाला धरून हिंडते. या वेगाने वाढणाऱ्या किड्याला दोन-चार कोळी पुरे पडत नाहीत.

फवाऱ्याने तो आवरत नाही, याची दोन कारणे आहेत. पायरेथ्रॉइड गटातील औषधांना या झुरळांच्या अनेक वसाहती दाद देत नाहीत, आणि ज्यांना त्यांचा वास सहन होत नाही ती झुरळे औषध टाळून आणखी खोल फटीत शिरतात. उलट कोळ्यांवर फवाऱ्याचे पृष्ठभागी राहिलेले औषध फारसे चालत नाही, कारण कोळी शरीर उचलून पायांच्या टोकांवर चालतो आणि झुरळासारखा पाय चाटून साफ करत नाही. अंगावर थेट फवारा पडला तर मात्र तो मरतो. या गटातील पर्मेथ्रिन मांजरांसाठी विषारी आहे आणि मत्स्यपेटीतल्या माशांसाठी तर फारच. ज्यांच्या घरी हे प्राणी आहेत त्यांनी डबीवरची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय काहीही फवारू नये, असे मी आग्रहाने लिहीन.

म्हणून जेलचे आमिष निवडले. मोहरीएवढे ठिपके कपाटाच्या बिजागऱ्यांत, सिंकच्या खालच्या कडेला आणि शीतकपाटाच्या मोटरजवळ दिले. एका जागी मोठा गोळा ठेवण्यापेक्षा पुष्कळ ठिकाणी बारीक ठिपके देणे चांगले, कारण जर्मन झुरळ आपल्या लपण्याच्या जागेपासून फार दूर जात नाही. जेल खाल्लेले झुरळ फटीत परत जाऊन मरते आणि त्याची विष्ठा व शव खाणाऱ्या पिलांपर्यंतही औषध पोहोचते. जेल लावलेल्या भागात फवारा किंवा तीव्र वासाचा द्रव वापरायचा नाही, नाही तर झुरळे आमिषाकडे फिरकत नाहीत.

एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवली आहे. झुरळांच्या काही वसाहतींनी आमिषातले ग्लुकोज टाळायला सुरुवात केल्याचे १९९३ मध्ये नोंदवले गेले आणि २०१३ मध्ये त्याचा उलगडा झाला : या झुरळांच्या चवीच्या चेतापेशींना ग्लुकोज कडू लागते. त्यामुळे एखादे जेल लावूनही सापळ्यांतली झुरळे कमी होत नसतील, तर तेच जेल अधिक न लावता वेगळ्या घटकांचे आणि वेगळ्या आमिषाचे घ्यायचे.

२२ जून २०२५

पाण्याचा पुरवठा तोडण्याचे काम केले. झुरळाला अन्नापेक्षा पाण्याची गरज अधिक तातडीची असते. सिंकखालच्या सांध्यातून थेंब पडत होता. वॉशर बदलून घेतला. रात्री सिंक पुसून कोरडे करण्याची आणि भांडी पुसायचे फडके वाळत घालण्याची जबाबदारी वाटून घेतली. ओट्यामागचा तेलकट थर काढला. मेलेली झुरळे, कुप्या आणि टरफले ओल्या फडक्याने टिपून घेतली. कोरड्या झाडूने ती झाडली तर त्यांचा भुगा हवेत उडतो आणि झुरळांच्या अवशेषांमुळे दमा बळावतो, हे वैद्यकात मान्य झालेले आहे.

न्हाणीतल्या कागदावर या रविवारी केसाळ पंख अगदी थोडे आहेत.

६ जुलै २०२५

जिन्याखाली, पेट्यांच्या मागे, तळहाताएवढा पाय पसरलेला तपकिरी कोळी दिसला. घरात धावाधाव झाली, हे साहजिक आहे. हा हेटेरोपोडा व्हेनाटोरिया. डोक्याच्या पुढच्या कडेला फिकट पट्टा, शरीर चपटे, पाय खेकड्यासारखे बाजूला वळलेले. तो जाळे विणत नाही. रात्री भिंतींवर फिरून झुरळे पकडतो, तीही मोठी. मादीच्या पोटाखाली चपट्या चकतीसारखी पांढरी पिशवी होती आणि तिच्यात शेकडो अंडी असतात. अंडी घेऊन वावरणारी मादी हाताळली तर चावू शकते. दुखते, पण निरोगी माणसाला त्यापासून सहसा गंभीर अपाय होत नाही.

तिला मारायचे नाही यावर सर्वांचे एकमत झाले, पण शेकडो पिले जिन्याखाली फुटावीत हे कोणालाच मान्य नव्हते, आणि तो विचार मलाही योग्य वाटला. रुंद तोंडाची पारदर्शक बरणी वरून ठेवली, भिंत आणि बरणी यांच्यामध्ये जाड पुठ्ठा हळूहळू सरकवला आणि अंगणातल्या लाकडांच्या ढिगाजवळ तिला सोडले. घाई केली तर कडेत पाय अडकून तुटतो. पाय तुटला तरी पिलांना पुढच्या काती टाकताना तो पुन्हा फुटतो. या कोळ्यासारखी प्रौढ होऊन कात टाकणे थांबलेली मादी मात्र तुटक्या पायानेच उरलेले आयुष्य काढते.

एवढा मोठा कोळी तेथे राहत होता याचा अर्थ त्याचे खाणेही तेथे येत होते. शोध घेतल्यावर वापरात नसलेल्या न्हाणीघराची मोरी कोरडी पडलेली आढळली. मोरीच्या वाकड्या नळीत साचलेले पाणी हाच गटारातून येणाऱ्या मोठ्या झुरळांना अडथळा असतो. ते आटले की वाट मोकळी होते. दाराखालची फटही मोठी होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकन झुरळ तीन मिलिमीटरच्या फटीतून एका सेकंदाहून कमी वेळात पार झाल्याचे दिसले होते, तेव्हा ‘फट बारीकच आहे’ या म्हणण्याला अर्थ नाही. दाराला रबरी पट्टी लावली आणि नळ्या भिंतीत शिरतात तेथील भोके बुजवली.

१३ जुलै २०२५

आज छताजवळ, रिकाम्या झालेल्या एका जाळ्याच्या शेजारी, भोपळ्याच्या बीसारखी करडी, चपटी पिशवी भिंतीला चिकटलेली दिसली. धुळीचा गोळा समजून पुसायला जावे तोच ती किंचित सरकली. भिंगाखाली धरल्यावर तपकिरी डोके आणि पुढचे तीन जोड पाय बाहेर आले, भिंतीला धरून त्यांनी सबंध पिशवी ओढली आणि थोड्या वेळाने तेच डोके दुसऱ्या टोकातून बाहेर आले. पिशवीला दोन्ही टोकांना तोंडे असतात आणि अळी आतल्या आत उलटी वळू शकते. रेशमी अस्तरावर वाळूचे कण, भिंतीच्या रंगाचा चुरा आणि लोकरीचे धागे चिकटवलेले होते.

ही फेरीओएका वंशातल्या छोट्या पतंगाची अळी. ती कोळ्यांची जुनी जाळी खाते. लोकरीचे कपडे, गळलेले केस, मेलेल्या कीटकांचे अवशेष हेही तिला चालते, पण कोळ्याने सोडून दिलेले रेशीम हे तिचे आवडते खाद्य. गालिच्यांना लागणाऱ्या डर्मेस्टिडी कुळातल्या केसाळ अळ्याही अशाच जळमटांत अडकलेल्या मृत कीटकांवर वाढतात आणि तेथून कपड्यांच्या कपाटापर्यंत पोहोचतात.

आईशी ठरवताना केलेल्या नियमाचे महत्त्व येथे कळते. राहते जाळे घरातले कीटक कमी करते, तर सोडून दिलेले जळमट नव्या कीटकांना पोसते. सर्व जाळी सरसकट ठेवणे आणि सर्व सरसकट पाडणे या दोन्ही टोकांत नुकसान आहे. राहते जाळे ओळखण्याची खूण अशी की त्याचे धागे स्वच्छ असतात, फुंकर घातली की कोळी हलतो आणि खालच्या कागदावर ताजे ठिपके असतात. जळमटावर धूळ बसून ते जाड आणि मळकट दिसते. आज सर्व खोल्यांतली जळमटे काठीला ओलसर फडके बांधून गुंडाळून काढली. दोन ठिकाणी कोळिणी अंड्यांचा पुंजका तोंडात धरून बसल्या होत्या. फोल्सिडी कुळातल्या माद्या २०-३० अंडी मोजक्या धाग्यांत बांधून पिले फुटेपर्यंत अशीच धरून ठेवतात, आणि अंडी त्या धाग्यांतून एकेक मोजता येतील इतकी स्पष्ट दिसतात. त्या कोपऱ्यांना हात लावला नाही.

२० जुलै २०२५

धाकट्याच्या मानेवर सकाळी लांबट, भाजल्यासारखा लाल पट्टा उठला आणि ‘कोळी फिरला’ असे निदान घरात लगेच झाले. डॉक्टरांनी पट्टा पाहून तो पिडेरस भुंग्याचा असल्याचे सांगितले. हा बारीक, नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा भुंगा रात्री दिव्याकडे येतो. तो चावत नाही; अंगावर चिरडला की त्याच्या शरीरातले पिडेरिन हे दाहक द्रव्य त्वचेवर लागते आणि साधारण एक-दोन दिवसांनी तेथे फोड येतात. म्हणून तो अंगावर दिसला तर फुंकर घालून उडवायचा आणि जागा साबणाने धुवायची.

माणसाला खरोखर धोकादायक ठरणारे कोळी आहेत. लॅट्रोडेक्टस आणि लॉक्सोसेलिस या वंशांची नावे त्यात प्रथम येतात. बरेच दिवस न हलवलेल्या पेट्या, लाकडे आणि बूट हाताळताना हातमोजे घालणे आणि बूट झटकून घेणे एवढी काळजी सर्वत्र घ्यावी. चाव्यानंतर स्नायूंत पेटके आले, वेदना पसरत गेली किंवा जखम काळी पडू लागली तर घरगुती उपाय न करता रुग्णालय गाठावे, आणि शक्य असल्यास कोळ्याचे छायाचित्र सोबत न्यावे. मात्र कोळी प्रत्यक्ष चावताना कोणी पाहिला नसेल, तर रात्रीतून उठलेल्या प्रत्येक फोडाचा दोष कोळ्यावर टाकू नये, कारण त्यामुळे खऱ्या कारणावरचा इलाज लांबतो.

बाहेरचा पांढरा दिवा बदलून पिवळसर उजेडाचा लावला. निळसर-पांढऱ्या उजेडाकडे कीटक जास्त येतात.

३ ऑगस्ट २०२५

डासांविषयी एक स्पष्ट नोंद आवश्यक आहे. कागदांवर डासांचे पंख दर आठवड्याला मिळतात आणि त्यामुळे ‘कोळी आहेत, आता डासांची चिंता नको’ असे घरात म्हटले जाऊ लागले आहे. ते बरोबर नाही. जगातले कोळी मिळून वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य खातात असा अंदाज २०१७ मध्ये मांडला गेला होता, पण त्यातला बहुतेक वाटा जंगले आणि गवताळ प्रदेश यांतल्या कोळ्यांचा आहे. घरातला कोळी जाळ्यात आलेला डास खातो. पिंपातल्या अळीपर्यंत तो पोहोचत नाही.

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती साठवलेल्या पाण्यात, भांड्याच्या ओलसर कडेला अंडी घालतो. ती कोरडी राहूनही काही महिने जगतात आणि पाणी चढले की फुटतात. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतून द्यायचे. पण कडेला चिकटलेली अंडी तशीच राहत असल्याने तेवढे पुरेसे नाही. भांड्याची आतली कड घासलीही पाहिजे. पिंपे, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि शीतकपाटामागची पाण्याची थाळी घासली, टाकीच्या हवेच्या नळीला बारीक जाळी बांधली.

१७ ऑगस्ट २०२५

साठवणीच्या कपाटातल्या एका डब्यात सोंडे निघाले. सोंडा दाण्याला भोक पाडून आत अंडे घालतो, त्यामुळे वरून निवडलेले धान्यही आतून किडलेले असू शकते. डबा रिकामा करून फळ्यांच्या सांध्यांतला भुगा काढला. नवे धान्य येईल तेव्हा मावेल तेवढे चार दिवस उणे १८ अंश तापमानाच्या शीतपेटीत ठेवून मगच घट्ट झाकणात भरायचे. पुस्तकांच्या कपाटात कसर आढळली. ती बांधणीतली खळ आणि कागद खाते आणि तिला दमट हवा लागते. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढल्यावर मागची ओल दिसली. ही ओल गच्चीवरून झिरपते आहे. दुरुस्तीनंतर पुन्हा पाहावे लागेल.

३१ ऑगस्ट २०२५

जाळ्यांचा नकाशा पुन्हा काढला. न्हाणीघरातली जाळी जवळजवळ गेली आहेत. मोरीच्या माश्या संपल्या आणि कोळ्यांनी जागा सोडली. बाहेरच्या दिव्याखालची जाळीही विरळ झाली. खिडक्यांवरचे उडी मारणारे कोळी आहेत तसेच आहेत. जिन्याखाली अजून दोन राहती जाळी दिसतात आणि कागदावर मुंग्यांची डोकी पडतात, म्हणजे तेथे एखादी फट बुजवायची राहिली आहे. सिंकखालच्या सापळ्यात जर्मन झुरळांची पिले अधूनमधून मिळतात, प्रौढ मिळालेले नाहीत. जेलचे वाळलेले ठिपके खरवडून वेगळ्या घटकांचे नवे दिले.

पुढील कामे अशी : सापळे महिन्याच्या पहिल्या रविवारी बदलायचे, जळमटे पंधरवड्याने काढायची, पण अंडी धरलेली कोळीण असेल तो कोपरा वगळायचा. जिन्याखालच्या पायऱ्यांचे सांधे विजेरी घेऊन तपासायचे. वापरात नसलेल्या न्हाणीघराच्या मोरीत आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओतण्याचे काम धाकट्याकडे दिले आहे.